चिखलाच्या दिवसांत उठणे

ती. लॉर्नाताईस,

धाकट्या वेंडलचा दंडवत (उभ्यानेच घालतोय, कारण पुढे कळेल). तुझे गुडघे, तुझं छप्पर आणि तिकडचा समुद्राचा वारा, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो.

आमच्या व्हरमाँटात मेपलचा रस आटवून झाला. सहा आठवडे भट्टीपुढे वाकून वाकून माझी पळी झाली आहे. झाडांना कळ्या फुटल्या, पाकाला वास यायला लागला, म्हणून गेल्या आठवड्यात भट्टी विझवली आणि त्याच दिवशी गावच्या सभागृहाच्या दारावर टेसाची चिठ्ठी दिसली : वसंत आला, योगाभ्यास ताजा करा! टेसा म्हणजे आमची योगाची मास्तरीण. वय सव्वीस, अंगात हाडं आहेत की नाहीत याची शंका. माझा अभ्यास नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीपायी सुटला तो सुटलाच. तो ताजा कसला करणार, आधी सापडायला हवा. (चटई सापडली. हिवाळाभर तिच्यावर बूट ठेवत होतो.)

पण खरं कारण वेगळंच आहे, ते तुला म्हणून सांगतो. जानेवारीत मी स्वयंपाकघरात पडलो. मोडलं काही नाही, पण उठताच येईना. माझी मिल्ड्रेड देवाघरी गेल्यापासून घरात हाक मारावी असं कोणी नाही, तेव्हा दोन तास टेबलाची खालची बाजू बघत पडून राहिलो. (तिथे कुणीतरी च्युइंगगम चिकटवून ठेवलंय. आमच्या गेलचेच लहानपणचे प्रताप.) शेवटी टेबलाचा पाय धरून कसाबसा उठलो. गेलला कळलं असतं तर लेकीने दुसऱ्याच दिवशी मला उचलून शहरातल्या फ्लॅटमध्ये ठेवलं असतं. हे घर सोडून मी जगेन असं मला वाटत नाही. म्हणून तोंडाला कुलूप घातलं आणि ठरवलं, जमिनीवरून उठायला शिकायचं.

आता गंमत बघ, योगात सगळा भर आडवं होण्यावर! टेसाने आम्हा सात म्हाताऱ्यांना पाठीवर निजवून पाय भिंतीला टेकवायला लावले. तेवढ्यात खिडकीतून तिला आपली गाडी चिखलात रुतताना दिसली. (एप्रिलात आमच्या रस्त्यावर गाडी उभी करू नये, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. विचारल्याशिवाय सांगायची आमच्याकडे पद्धत नाही.) मी येईपर्यंत असेच राहा, म्हणून ती धावली. आम्ही राहिलो. वीस मिनिटं, तीस मिनिटं. पायांना मुंग्या आल्या, मग त्याही कंटाळून गेल्या.

बाहेरून टेसा ओरडली, "अहो, धक्का द्यायला या ना कुणीतरी!"

कुणी हलेना. शेजारचा गोठेवाला हायरम म्हणाला, "अर्नेस्टीनबाई, आधी तुम्ही. बायकांचा मान."

"छे, छे, तुम्ही व्हा पुढे. मी आलेच मागून," वाचनालयाच्या अर्नेस्टीनबाई छताला म्हणाल्या.

मग कसं कोण जाणे, माझंच तोंड उघडलं. "मला उठता येत नाही. जानेवारीत घरी दोन तास पडून होतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दोनच?" अर्नेस्टीनबाई म्हणाल्या. "मी कपडे धुण्याच्या मशीनपाशी साडेतीन."

"मी गोठ्यात," हायरम म्हणाला. "गाई बघत होत्या मेल्या. एकीने हंबरडा फोडला असेल तर शपथ!"

ताई, सातांतले पाच निघाले! आम्ही असे हसलो की माझे पाय भिंतीवरून घसरले, मी कुशीवर वळलो, कुशीवरून गुडघ्यांवर आलो, मांडीवर हात रेटला आणि उभा! टेबल नाही, खुर्ची नाही. छातीवरचा धोंडा उतरला. मग एकेकाला उठवलं आणि सगळे बाहेर गेलो, तर कुणाच्या तरी ट्रॅक्टरने गाडी कधीच काढली होती. टेसा म्हणाली, विश्रांती छान झाली ना? आता आम्ही रोज सकाळी सातला एकमेकांना फोन करतो. बोलायचं एवढंच, की उठलोय. खूप हलकं वाटतं.

तुझा,
वेंडल

ता. क. : यातलं अक्षरही गेलला कळवू नकोस. तिला सांग, वेंडल योग ताजा करतोय.

आणखी ता. क. : फेब्रुवारीत एक अख्खी दुपार तू फोन उचलला नाहीस. मग म्हणालीस, बागेत होते. ताई, फेब्रुवारीत तुझी बाग कंबरभर बर्फाखाली असते. किती तास पडून होतीस ते लिही. हसणार नाही. रस्ता सुकला की येतोच आहे, दोघं मिळून जमिनीवर बसू.