छप्पन की बावन्न

१२ जानेवारी २०२५, रविवार

कंबरडं मोडलं! आदर्शच्या रोड बाईकवर टिळकवाडी ते उचगाव आणि परत. आदर्श आमच्या ऑफिसातला तरुण सर्व्हेअर, दर रविवारी सायकलवाल्यांच्या टोळीबरोबर भटकतो. त्याच्याकडे दोन सायकली, त्यातली एक मला दिली. मे महिन्यात मी रिटायर होणार. मग घरात बसून हिच्याशी भांडत बसण्यापेक्षा सायकल बरी, म्हणून गेलो.

हँडल इतकं लांब की मी सायकलवर बसलो नव्हतो, पसरलो होतो. आदर्श म्हणाला, फ्रेम तुम्हाला मोठी होतेय सर. कशी होईल? तो आणि मी एकाच उंचीचे. चार वर्षांपूर्वी तो कामावर लागला तेव्हाच्या फोटोत आमचे खांदे बरोबरीला आहेत.

पाठ दिवाळीपासूनच दुखते म्हणा. सायकलला उगाच बोल लावायला नको.

पण घेणार. ठरलं!

१५ जानेवारी

ही म्हणते, वाकून काय चालता म्हाताऱ्यासारखे? मी वाकलो नव्हतो. ताठच चालत होतो.

१८ जानेवारी, शनिवार

स्वरूपच्या सायकलच्या दुकानात गेलो. पोरगा हुशार आहे. आधी माणूस मोजतो, मगच सायकल दाखवतो. बूट काढायला लावून भिंतीला उभं केलं. पायांमध्ये एक जाड पुस्तक धरायला दिलं — अगदी वर, सीट जिथे टेकते तिथे. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत ८४ सेंटिमीटर. त्या मापाने फ्रेम येते छप्पन सेंटिमीटरची. मग उंची घेतली. १६८! त्या उंचीला फ्रेम येते बावन्नची.

दोन्ही आकडे कागदावर लिहून तो बघत बसला. म्हणाला, "सर, पाय एका माणसाचे हैत आन् धड दुसऱ्याचं. असं गिऱ्हाईक मला अजून आलं न्हाय."

मी हसलो. म्हटलं, तुझा टेप ताणलाय. माझी उंची १७४. सर्व्हिस बुकात आहे, डॉक्टरच्या सहीनिशी. तीस वर्षं लोकांच्या शेतांची मोजणी करतोय आणि हा मला माप शिकवणार!

तो वाद घालत बसला नाही. मोठी घेतली तर हँडल गाठताना पाठीचे हाल होतील, छोटी घेतली तर सीट फार वर काढावी लागेल, एवढंच म्हणाला. पुण्याहून मागवायची आहे, आली की परत जात नाही, तेव्हा नीट ठरवून सांगा.

१९ जानेवारी

ऑफिसचा स्टीलचा टेप घरी आणला. तो ताणला जात नाही. लेकीला, करिष्माला, स्टुलावर उभं केलं आणि मी भिंतीला — टाचा, पाठ, डोकं. डोक्यावर तिचं कायद्याचं पुस्तक आडवं, तिथे पेन्सिलीची खूण.

१६८. पुन्हा घेतलं. १६७.८.

किती आलं, तिने विचारलं. म्हटलं, बरोबर आलं.

२१ जानेवारी

पाठ भिंतीला नीट टेकतच नाही. जोर करून टेकवली की आत कळ येते आणि पोटापर्यंत जाते.

२५ जानेवारी, शनिवार

आज दोन्ही हात पसरून मोजले, या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत. १७५. माणसाची उंची साधारण तेवढीच असते. म्हणजे सर्व्हिस बुक खरं, टेपही खरा. हात जिथल्या तिथे, पाय जिथल्या तिथे. मधले सहा सेंटिमीटर कुठे गेले? शेत असतं तर बांध कुणी कोरला म्हणून शेजाऱ्याला नोटीस काढली असती!

वयाने होतं हो, ही म्हणाली. ती माझ्याहून तीनच वर्षांनी लहान. तिची नाही कमी झाली.

जिना चढताना दम लागतो. भूक नाही. हे आधी कुठे लिहिलं नव्हतं, आता लिहितो. मला भीती वाटते आहे.

स्वरूपचा फोन येऊन गेला. छप्पन की बावन्न? उचलला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

निपाणीला जाऊन आलो. माझं माप दरवर्षी घेणारा एकच माणूस आहे — मारुतीराव शिंपी. चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, आमच्या घरात सगळ्यांना नवे पांढरे कपडे लागतात. ते वडिलांपासून मारुतीरावच शिवतात. दरवर्षी नव्याने माप, दरवर्षी त्याच वहीत, आमच्या घराण्याला एक पान. बेळगावात शिंपी काय कमी आहेत? पण जयंतीचा शर्ट निपाणीचाच.

म्हातारा आता पंचाहत्तरीचा. एवढ्या लवकर कसा आलास, म्हणाला. मी वही मागितली. देईना. चहा मागवला, हवापाण्याचं विचारलं, पोरीचं विचारलं. मग दिली.

माझ्या पँटची लांबी साडेएकेचाळीस इंच, किती वर्षं तीच. शर्टाची लांबी बावीस साली तीस. तेवीस साली सव्वाएकोणतीस. चोवीस साली साडेअठ्ठावीस. मारुतीरावांनी गळ्यातला टेप काढला आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. पावणेअठ्ठावीस.

म्हणजे मी आखूड होत गेलो आणि शर्टही माझ्याबरोबर आखूड होत गेले. अंगावर नीट बसत होते, मग मला कळणार कसं? रागच आला. सांगितलं का नाही, म्हणून विचारलं. त्यांनी आधी चष्मा पुसला.

"आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाला तब्येत उतरली म्हणून सांगत न्हाईत रं, दीपंकर. कापड तेवढं कमी करायचं आन् गप बसायचं."

मग वहीवर बोट ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कृष्णाताचं बी असंच झालतं."

माझ्या नावाच्या वरच कृष्णातअण्णाचं नाव होतं. माझा थोरला भाऊ. जन्मभर तंबाखूच्या वखारीत पोती वाहिली. शेवटची दोन वर्षं वाकला, पाठ धरून बसायचा. ओझ्याने वाकला, म्हणायचो आम्ही सगळे. मग किडन्या गेल्या आणि एकोणीसच्या दिवाळीत अण्णाही गेला. त्याच्या शर्टाचे शेवटचे तीन आकडे: साडेएकतीस, तीस, साडेअठ्ठावीस. पुढे काही नाही.

त्याने पोती वाहिली म्हणून मी शिकलो. मी एकही पोतं उचललेलं नाही. मग मी कशाने वाकलो?

स्टँडवरून स्वरूपला फोन केला. म्हटलं, बावन्नची मागव.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एक्स-रे काढला. तीन मणके दबून चपटे झालेत. पडलात का, जड उचललं का? नाही. एकदा सायकल चालवली. तीही आता बंद, म्हणाल्या, एखादा खड्डा लागला तरी चौथा जाईल. फ्रेम मागवलीय हे मी सांगितलं नाही.

म्हातारपणाची ठिसूळ हाडं म्हणतील आणि गोळ्या देतील, असं वाटलं होतं. घरात कुणाला काही होतं का, त्यांनी सहज विचारलं. मी अण्णाचं सांगितलं — आधी पाठ, मग किडन्या. त्या लिहिता लिहिता थांबल्या. मग रक्ताच्या तपासण्यांची यादी कागदाच्या मागच्या बाजूलाही गेली.

६ फेब्रुवारी

रक्त दिलं. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये भरून दिली. हिला म्हटलं, शुगर बघतायत. तिने कॅनकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

१० फेब्रुवारी

रिपोर्ट नाही. करिष्मा रोज विचारते, सायकल कधी येणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रिपोर्ट आले. रक्तातला कॅन्सर आहे, मायलोमा म्हणतात त्याला. हाडं आतून पोखरतो, किडन्या खराब करतो. माझ्या किडन्यांवर थोडा परिणाम झालाय, थोडाच. पुढच्या आठवड्यात कमरेच्या हाडातला मगज काढून बघणार, मग उपचार सुरू. उपचार आहेत, वर्षं मिळतात, म्हणाल्या. किती, ते मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं नाही.

अण्णाला हेच होतं का? आता सांगता येणार नाही, पण असू शकतं. घरात दोघांना असतं का कधी? क्वचित असतं, म्हणाल्या. मग मी करिष्माचं विचारणार तेवढ्यात त्यांना फोन आला, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

सतरा, अठरा, एकोणीस — तीन वर्षं जयंतीला अण्णाच्या शेजारी उभा राहून फोटो काढले. आज रात्री जेवणानंतर काढून बघितले. पहिल्या फोटोत त्याचा खांदा माझ्याहून वर, दुसऱ्यात बरोबरीला, तिसऱ्यात खाली. तो माझ्याहून उंच होता! शिंप्याला दिसलं आणि मला, सख्ख्या भावाला, दिसलं नाही. तीस वर्षांचा मोजणीदार मी.

हिला सगळं सांगितलं. रडली नाही. करिष्माची परीक्षा होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही, एवढंच म्हणाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

स्वरूपचा फोन. बावन्नची आली, सीट बसवायला या सर. म्हटलं, थांब, नवं माप देतो.

करिष्माला भिंतीला उभं केलं. "मला कशाला, बाबा?" म्हणाली आणि हसत ताठ उभी राहिली. सायकल तुझी, म्हटलं. उंची १६५, पाय ७७. बावन्न बरोबर बसते तिला. भिंतीवर खूण केली, तारीख घातली. हिला बाजूला बोलावून सांगितलं — दरवर्षी मोज तिला, मी असलो नसलो तरी.