कोरडी गादी

प्रिय भिंगरी,

रविवारी तू परत यायची आहेस. फोनवर तसं ठरलं, सकाळच्या बसने येते म्हणालीस, आणि मीही 'ये गं बाई, ये' म्हटलं. त्याआधी हे पत्र पुरतं वाच. अर्धं वाचून बॅग भरायला उठू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे, सुनेचं नाव मी भिंगरी उगाच नाही ठेवलं. अक्षर माझंच आहे हे तुला कळेल. अंड्यांच्या ट्रेवर तारखा घालणारं हेच ते अक्षर, ज्याला तू मुंग्यांची मिरवणूक म्हणायचीस. कागद मांडीवर धरून लिहितेय, म्हणून मुंग्या आज जरा जास्तच पांगल्यात.

आधी कोंबड्यांची खबर देते, कारण तू तेच आधी विचारशील. चाळीसातल्या एकोणतीस उरल्या. तुझ्या खांद्यावर बसायची ती काळी तुरेवाली गेली. ती लंगडी कोंबडी मात्र अजून आहे. तिला मरणसुद्धा घाबरतं बहुतेक. अकरा कशा गेल्या ते सांगणार आहे, पण मला माझ्या क्रमाने सांगू दे, नाहीतर माझ्याच्याने सांगून होणार नाही.

लग्न होऊन आलीस त्या पहिल्याच आठवड्यात केवढा प्रताप केला होतास, आठवतं? मी बेकरीत अंडी पोचवायला गेले आणि मागे बाईसाहेबांनी सासूला खूश करायचं म्हणून खुराड्यातली सगळी गादी फावड्याने ओढून बाहेर काढली, साबणाच्या पाण्याने जमीन घासली, आणि ओल्याच जमिनीवर चिमूटभर भुसा भुरभुरून मोकळी! मी आले तर खुराडं चकाचक, तू घामाघूम, आणि तोंडावर बक्षीस मिळाल्याचा आनंद. मी कपाळाला हात लावला. अगं, खुराडं म्हणजे काय स्वयंपाकघराची फरशी आहे? कोंबडीच्या पायाखाली वीतभर जाड गादी लागते, सुताराकडच्या रंध्याच्या कोरड्या सालपींची. शीट त्यात पडते, सालपी ओल पिऊन टाकते, रोज दाताळ्याने खालचं वर केलं की वारा लागतो आणि सगळं आतल्या आत जिरतं. नाक खुपसलंस तरी मातीसारखा वास येतो, बास. पाणी हा त्या गादीचा वैरी, आणि तू तेच बादल्यांनी ओतलंस. तिसऱ्या दिवशी असा वास सुटला की आपल्या दोघींच्या डोळ्यांना धारा. मग मी शहाणी, घाईघाईने वर चुना मारला. ओलीवर चुना पडला आणि वास दुप्पट झाला. तू शेर तर मी सव्वाशेर.

हसलो होतो आपण खूप. आणि त्याच दिवशी माझ्या मुलाने तुला पहिल्यांदा मारलं. तो कामाला आहे त्या टायरच्या दुकानात सगळे त्याला 'कोंबडीवालीचा' म्हणून चिडवतात, आणि त्या दिवशी तो वास जेवायच्या खोलीपर्यंत आला होता. त्याने ताट भिरकावलं, ते भिंतीला लागलं, आणि मग उलट्या हाताने तुझ्या तोंडावर. ओठ फुटून रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं. तू रडलीसुद्धा नाहीस, इतकी चकित झाली होतीस. आणि मी काय केलं? ताट उचललं, भिंत पुसली, तुला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी तुला खुराड्यात नेऊन गादीचं सगळं शास्त्र शिकवलं. मूठभर गादी उचलायची, घट्ट आवळायची आणि मूठ उघडायची. लाडू झाला तर ओल आहे, सुटून पडली तर बरोबर आहे. पाण्याचं भांडं गळलं तर तिथली ओली गादी आधी काढून टाकायची, ओल्यावर कोरडं कधीही पसरायचं नाही. वरून छान दिसतं, पण खाली सडत राहतं आणि पायाला फोड येऊन कोंबड्या मरतात. हे सगळं मी तुला फुटक्या ओठाकडे बघत शिकवत होते. लाज वाटते गं मला.

तुझ्या सासऱ्यांबद्दल तू कधी विचारलं नाहीस, फोटो तेवढा पाहिलास. माणूस दिसायला रुबाबदार होता. पट्ट्याने मारायचा, बक्कल बाहेरच्या बाजूला ठेवून. माझ्या पाठीवर अजून तीन ठिकाणी कातडी गुळगुळीत आहे, तिथे घामसुद्धा येत नाही. माझ्या पोटातलं दुसरं पोर पाचव्या महिन्यात त्याच्या लाथेने गेलं. मी लोकांना सांगितलं, बादली उचलताना गेलं. त्याला खुराड्याची किळस होती, म्हणून मी खुराड्यात जाऊन बसायचे. वास येत नाही इतकं खुराडं स्वच्छ ठेवायला मी शिकले ते तिथे तासन् तास राहावं लागायचं म्हणून, काही हौस म्हणून नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. तो गेला तेव्हा मी रडले, आणि सुटले म्हणून रडले. पण त्याचा मुलगा हे सगळं बघत मोठा झाला होता, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

मग तुझी पाळी आली. एकदा केस धरून डोकं दाराच्या चौकटीवर. एकदा गरम इस्त्री, ती तू हाताने अडवलीस. प्रत्येक वेळी मी मलम लावलं आणि म्हटलं, जरा सांभाळून बोलत जा, त्याचा राग पाच मिनिटांचा असतो. तू बघितलंयस ना, एखाद्या कोंबडीला रक्त निघालं की बाकीच्या तिलाच टोचायला लागतात, म्हणून आपण तिला लगेच वेगळं ठेवतो. मी तुला वेगळं ठेवलं नाही. मीही टोचतच होते.

मनगट मोडलं ते तर तुला सांगायला नको. त्याला खुराडं पाडून तिथे जुने टायर ठेवायचे होते. तू दारात आडवी उभी राहिलीस, म्हणालीस, आईंच्या कोंबड्या कुठे जातील. माझ्यासाठी उभी राहिलीस गं. मी आत अंड्यांची टोपली घेऊन उभी होते आणि माझे पाय हलले नाहीत. तुझ्या हातातलं दाताळं त्याने ओढून घेतलं, दांडा उलटा धरला, आणि तू डोक्यावर धरलेल्या हातावर हाणला. पहिल्या फटक्याचा आवाज वाळकं लाकूड मोडल्यासारखा आला. तरी त्याने दुसरा मारला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. तो दारात उभा होता. मी म्हणाले, खुराड्यात ओल्या गादीवरून पाय घसरला. तू माझ्याकडे बघितलंस. हो म्हणून मान हलवलीस, आणि संध्याकाळी तुझी बहीण तुला घेऊन गेली. ती नजर मी जेवताना बघते, अंडी पुसताना बघते.

आता अकरा कोंबड्यांचं. तू गेल्यावर तो चार दिवस गप्प होता. पाचव्या दिवशी सकाळी म्हणाला, तिला फोन कर आणि सांग मी सुधारलोय, तुझं ती ऐकेल. मी नाही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. तो हसला, फावडं घेतलं आणि खुराड्यात शिरला. हाताला आली ती कोंबडी पायाने दाबली आणि फावड्याच्या पात्याने मान उडवली. परत विचारलं. मी परत नाही म्हणाले. दर नकाराला एक. सगळ्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून किंचाळत होत्या, पिसं आणि रक्त माझ्या तोंडावर उडत होतं, धडं गादीवर फडफडत फिरत होती. दहा वेळा मी नाही म्हणाले, भिंगरी. मला वाटलं होतं मी भित्री आहे, तर दहा वेळा म्हणाले. अकराव्या वेळी त्याने तुरेवालीला नुसतं फावड्याच्या पाठीने चेचलं, मारलं नाही, आणि म्हणाला, ही संध्याकाळपर्यंत अशीच ठेवतो. तेव्हा मी त्याच्या हातातून फोन घेतला. मी तुझ्याशी गोड बोलत होते ना, तेव्हा त्याचा हात माझ्या मानेवर मागून होता, आणि मी बोलता बोलता अडखळले की बोटं आत रुतत होती. तू विचारलंस, तुरेवाली कशी आहे. मी म्हणाले, मजेत. फोन ठेवल्यावर मी स्वतः तिची मान पिरगळली.

मग मी काय केलं असेल? रक्ताची गादी भरभर उपसून काढली, कोरड्या सालपी आणून टाकल्या, दाताळं फिरवलं. इतक्या वर्षांचे हात, ते आपलं काम करतात.

बुधवारी जनावरांची डॉक्टरीण लस टोचायला आली. तीच, नाकावर चष्मा घसरणारी, तुला आवडते ती. तिने मोजल्या, एकोणतीस. मी म्हणाले, मुंगूस शिरलं. तिने चष्मा वर सरकवला. मग म्हणाली, तुमची सून इथे ओल्या गादीवरून घसरली म्हणे? आणि वाकून तिने मूठभर गादी उचलली, आवळली आणि माझ्यासमोर मूठ उघडली. सगळी सुटून पडली. माझी आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. तीच म्हण पाठ करत मी म्हातारी झाले. पण त्या क्षणी मला काय झालं असेल सांग? दुःख नाही, भीती नाही, नुसता संताप आला! म्हणजे ही बाई समजते तरी काय मला? मी फाडकन म्हणाले, ओल? माझ्या खुराड्यात? बावीस वर्षांत इथे कुणाचा पाय घसरला असेल तर नाव सांगा! म्हणाले, आणि ऐकलं मी काय म्हणाले ते. तिनेही ऐकलं. मग मी तिथेच गादीत बसले आणि पट्ट्याच्या बकलापासून सगळं सांगितलं. लंगडी माझ्या मांडीवर येऊन बसली होती, मेली.

हे पत्र मी डॉक्टरणीच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. घराला कुलूप आहे, कोंबड्या तिच्या मागच्या पडवीत आहेत, गादी मीच घालून दिली. काल ती मला घेऊन पोलीस चौकीत गेली. त्याला टायरच्या दुकानातून उचललं, मी समोरच उभी होते. मला बघून तो 'आई' म्हणाला, लहानपणी ताप आला की म्हणायचा तसं. पोटचा गोळा आहे गं, आतडं तुटलं. तरी मी मागे फिरले नाही. पण तो किती दिवस आत राहील ते मला माहीत नाही, म्हणून रविवारी घरी येऊ नकोस. फोनवर हे सांगितलं असतं तर तू विश्वास का ठेवावास, फोनवरचा माझा आवाज त्याचाच होता, म्हणून लिहिलं. पोलीसबाई म्हणतात, दवाखान्याच्या कागदावर 'खुराड्यात घसरून' असं आहे, आणि जोवर तू स्वतः येऊन खरं सांगत नाहीस तोवर तो कागदच बोलणार. ते शब्द माझे आहेत. मी माझ्या जबाबात लिहून दिलंय: माझी गादी कोरडी होती, माझी सून घसरली नाही, तिला माझ्या मुलाने मारलं, आणि मी बघत होते. खाली सही केली आहे. यायचं की नाही ते तू ठरव, नाही आलीस तरी मी रागावणार नाही. आलीस तर बसमधून उतरून सरळ चौकीत ये. मी सकाळपासून पायरीवर असेन, आणि या वेळी तुझ्या पुढे उभी असेन.

तुझीच,
कोंबडीवाली

(आई म्हणायचं की नाही, ते मला बघून ठरव.)