पिंपातला पुरावा

एरफुर्ट, ३ मार्च १८८७
शून्यातून रंगारी झालो. आता विद्वान व्हायचं. गावातल्या विद्वानांच्या मंडळाच्या शनिवारच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी आहे. प्रोफेसर क्राउटहाइम म्हणाले, चांगलं व्याख्यान देईल त्याला देऊ. दुसरा उमेदवार लोकांचे दात उपटणारा. म्हणजे खुर्ची माझीच.

५ मार्च, सकाळ
शोध लागला! निळीच्या पिंपातून कापड पिवळं निघतं, हवा लागली की निळं. आणि पाद्री सांगत होता, आपल्या निळ्याचा ‘ब्लाउ’ आणि लॅटिन पिवळ्याचा ‘फ्लावुस’ मुळात भाऊ. उघड आहे. दोन्ही रंगांचा हा एकच शब्द आमच्या जुन्या रंगाऱ्यांनी पिंपाशी उभं राहून केला. प्रोफेसर पुस्तकात नाक खुपसतात, पिंपात खुपसतील तर शपथ.

९ मार्च
प्रोफेसरांनी स्वतःचं पुस्तक दिलं होतं. सहाशे पानं. वाचलं, फार आवडलं, असं कळवलं. उद्यापासून वाचणार.

१४ मार्च
पुस्तक दाराला अटकाव म्हणून उत्तम. स्वतंत्र विचाराच्या माणसाने वाचू नये, डोकं गढूळ होतं.

१८ मार्च
ओटिली म्हणते, अहो, पिंप हॉलमध्ये नेऊ नका, त्यात नीळ विरघळायला घातलेलं शिळं मूत्र आहे, गुलाबपाणी नव्हे. तीस वर्षं रंगाऱ्याशी संसार करून बाईला अजून वासच येतो!

२६ मार्च
व्याख्यान झालं. अर्धा हॉल लवकर उठला. बिनडोक. पण प्रोफेसर पहिल्या रांगेत, पांढऱ्याशुभ्र शर्टात, ठाम. (सर्दी झाली होती म्हणे.) कापड झोकात वर ओढलं, चार शिंतोडे त्यांच्या छातीवर. म्हटलं, घाबरू नका, पिवळं आहे, पुसलं जाईल. बोलत राहिलो. समारोपाला पोचलो तोवर शिंतोडे निळेशार. काय टाळ्या! सगळे उभे राहून प्रोफेसरांकडे बघत होते.

३० मार्च
खुर्ची दात उपटणाऱ्याला.
प्रोफेसरांकडून शर्ट आला, सोबत त्यांची चिठ्ठी : पिवळ्याचं निळं होतं हे माझ्या छातीवर सिद्ध झालं. शब्द भाऊ आहेत, हे मात्र आपल्याला फार आवडलेल्या पुस्तकात पान ११२ वर आहे. कारण वेगळं : मुळात तो शब्द कुठल्याही उजळ, फिकट रंगाला चालायचा. पिंपाचा संबंध नाही. डाग निघणार नाहीत हे आपण जाणताच, तरी उरलेला शर्टही निळा करून द्यावा.

दारातून पुस्तक उचललं. पान ११२. आहे.
परत दाराला लावलं.
शर्टाला तीन बुचकळ्या दिल्या. रंग असा सारखा बसला, की डाग कुठे होते ते मलाही सापडेना.