अंगदच्या अक्षरातलं सांत्वनपत्र

चकलांबा, ५ फेब्रुवारी २०२४

चि. अंगदला अक्काचे भरपूर आशीर्वाद.

फोन लावला की साहेबांच्या गाडीत हाय, मग करतो म्हणतोस, अन् ते मग काही उजाडत न्हाई. म्हणून कागद घेऊन बसले. दादांचं काही खरं न्हाई, अंगद. डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं. अन्नावरची वासनाच उडालीय. रोज विचारतात, अंगद कावून आला न्हाई? तू एक दिवस मुक्कामाला यावं, फोन बंद ठेवून त्यांच्या ताटात जेवावं, एवढंच त्यांचं मागणं.

पुढाऱ्याचा पीए झालास, लोकांच्या मयतीला साहेबांचा हार घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. आरं, जित्या बापाला भेटायला साहेबांची चिठ्ठी लागते व्हय? रागानं न्हाई, लई जीव तुटतो म्हणून लिहिते. रोहिणीला अन् लेकीला, आरोहीला, संगं आण.

तुझ्या वाटेकडं डोळे लावलेली थोरली बहीण,
सत्यभामा अक्का

बीड, ८ फेब्रुवारी

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. पण लग्नसराई आहे. या रविवारी एकट्या गेवराई तालुक्यात नऊ लग्नं आणि चार दहावे. मी नसलो तर साहेबांच्या कानात यजमानाचं नाव कोण सांगणार? आत्ता सुट्टी मागितली तर काम गेलंच समज. रोहिणी म्हणते, आपल्याच घरी एखादं लग्न काढू, म्हणजे तुम्ही याल तरी. अठरा तारखेच्या रविवारी नक्की येतो. दादांना सांग, शब्द दिलाय.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझा अंगद

चकलांबा, १ मार्च

चि. अंगदला आशीर्वाद.

अठराला तू येणार म्हणून दादा दिवस मोजत होते, पंधरालाच गेले. आदल्या दिवशी दोन घास खाऊन ताट सारलं, म्हणाले, बाकीचं अंगद आल्यावर. हे तुला सांगायलाही जमलं न्हाई. तू मातीला आलास अन् राख सावडून लगेच गेलास. तेराव्यालाही मांडवाबाहेर फोनवरच होतास.

आज टपालानं साहेबांचं सांत्वनाचं पत्र आलं. छापील मजकूर, खाली साहेबांची सही. वर नाव घातलंय श्री. अंगद आश्रुबा, मु. चकलांबा. अक्षर तुझं. साहेबांचा इथला कार्यकर्ता तानाजी दर आठवड्याला गावातल्या मयतांची यादी तुला धाडतो, तशीच ही धाडली असंल, अन् तू बसून उतरवलीस. स्वतःचं नाव लिहिताना तुझा हातसुद्धा थांबला न्हाई का रे? लई रडले. दादांसाठी न्हाई, तुझ्यासाठी.

काय लिहू अजून.
अक्का

बीड, ८ मार्च

ती. अक्कास साष्टांग दंडवत.

हात थांबला नाही, अक्का. त्या दिवशी सत्तेचाळीस नावं होती, माझं कितवं तेही आठवत नाही. तुझं पत्र वाचलं आणि रोहिणीसमोर ढसाढसा रडलो.

सकाळी साहेबांकडे काम सोडायच्या तयारीनंच गेलतो. म्हणालो, रविवार माझा, आणि रोज सातनंतर फोन घेणार नाही. साहेब चहा पीत होते. वर न बघताच म्हणाले, बरं, रविवारचं ऑफिसातला धर्मराज बघेल. आधी सुट्टी मागितली असतीस तरी दिली असती, तू कधी बोललाच नाहीस.

अकरा वर्षांत मी एकदाही मागितली नव्हती. वाटायचं, माझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही. अक्का, दादांजवळ एक दिवस बसायला मला कुणी अडवलंच नव्हतं.

परवा रविवारी आम्ही तिघं मुक्कामाला येतो. माफी मागायला तोंड नाही, तरी दार उघडं ठेव.

तुझा,
अंगद