शर्ट घालण्याचे अकरा टप्पे

दि. ३ जून
ती. बाबांना सा. न. वि. वि.
पत्रास कारण अभ्यास. आजारातून उठलेल्या माणसाला अंघोळ, जेवण, कपडे ही रोजची कामं पुन्हा शिकवायची, तर आधी त्या कामाचे बारीक तुकडे पाडता यायला हवेत. माझ्या वाट्याला शर्ट घालणं आलंय. माझे सहाच तुकडे झाले. मॅडम म्हणाल्या, फार घाई करतेस. तुमच्याइतका चिकाटीचा माणूस मला दुसरा ठाऊक नाही, तेव्हा तुम्हीच लिहून पाठवा. दुकान कसं चाललंय?
लोभ असू द्या, ओरडण्यासकट.
आपली, बायो

दि. ९ जून
चि. बायोस अ. उ. आशीर्वाद.
शिलाई मशीनची दुरुस्ती मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. खोललं, जोडलं, पुन्हा खोललं. तुम्ही चार वर्षं कॉलेजात बसून शर्टासाठी बापाला विचारता. असो. सकाळी घालता घालता लिहिलंय.
कॉटच्या कडेला बसावे. शर्ट मांडीवर, आतली बाजू वर, कॉलर गुडघ्यांकडे. डाव्या हाताने उजवा हात बाहीत सोडावा. बाही कोपराच्या वर, पार खांद्यापर्यंत ओढावी. इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. मग कॉलर मानेमागून फिरवून डावा हात घालावा. बटणं खालून वर. सगळे अकरा टप्पे सोबतच्या कागदावर.
दुकान झकास. परीक्षा होईपर्यंत इकडे फिरकू नकोस.
तुझे बाबा

दि. १७ जून
ती. बाबांना सा. न.
तुमचा कागद वर्गात वाचला. मॅडमनी विचारलं, या पेशंटला अर्धांगवायूचा झटका येऊन किती दिवस झाले? मी म्हटलं, पेशंट नाहीत, माझे बाबा आहेत. मग मलाही आठवलं, लुळा हात आधी बाहीत, चांगला नंतर. तुम्ही डावखुरे, म्हणून अक्षरावरून काही कळलं नाही.
कधी झालं? जवळ कोण आहे? महिनाअखेरीस येते. परीक्षा गेली खड्ड्यात.
बायो

दि. २१ जून
चि. बायोस आशीर्वाद.
फेब्रुवारीत. जवळ कोणी नाही. कळवलं असतं तर तू तेव्हाच सगळं सोडून येऊन बसली असतीस. आठ दिवस दवाखान्यात होतो, बाकीचं माझं मी शोधून काढलं. दुकान बंद आहे. शटर एका हाताने उचलत नाही. क्रम बरोबर होता असं मॅडम म्हणाल्या की नाही, ते तू लिहिलं नाहीस.
ये. दोन दिवस राहा आणि परीक्षेला परत जा. कागदात एक टप्पा कमी आहे. गळ्याजवळचं बटण मला अजून लावता येत नाही, म्हणून तो लिहिला नव्हता.
बाबा