ओली पऱ्हाटी

माय, आपल्या घरातली चूल काढून आता बरीच वर्षं झाली. त्या जागी गॅसचा ओटा आहे आणि धूर म्हणून औषधालाही सापडत नाही. त्याची अडचण मला गेल्या आठवड्यापर्यंत कधी जाणवली नव्हती.

मी पाळलेलं बकरीचं पिल्लू बाबांनी दारव्ह्याच्या बाजारात विकलं, तो दिवस आठवतो का तुला? बाबांसमोर रडायची सोय नव्हती. "बायकांवानी काय रडून राह्यला बे?" हे वाक्य त्यांच्याकडे कायम तयार असे. मी ओठ घट्ट मिटून अंगणात उभा, आणि तू आतून हाक मारतेस, "इकडे ये, चूल फुक." कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या बाजूला सारून तू एक ओली काडी चुलीत सरकवतेस. बघता बघता स्वयंपाकघर धुरानं भरतं आणि मी पोटभर रडून घेतो. बाबा दारातून डोकावतात, तर तू भाकर थापता थापता म्हणतेस, "रडत नाही तो. धूर लागून राह्यला त्याले." मग पहिली भाकर माझी. काय झालं, हे तू कधी विचारलं नाहीस. माझं मीच सांगायचो.

गेल्या आठवड्यात तुझा नातू नागपूरहून आला. केवढा घोडा झालाय आता! जिच्याशी लग्न करायचं त्याच्या मनात होतं तिनं नाही म्हटलं, एवढं त्याच्या आईकडून कळलं. जेवेना, बोलेना. स्वयंपाकघराच्या दारात तोंड फिरवून उभा राहिला, आणि बाबांचं तेच वाक्य माझ्या जिभेवर आलं. मला माझीच भीती वाटली. ते बोललो असतो तर पोरानं पुन्हा कधी माझ्यापाशी मन मोकळं केलं नसतं. वाक्य गिळलं आणि कांद्यांची टोपली त्याच्यापुढे ठेवली.

"चिर."

"तिघांच्या भाजीले येवढे कांदे कायले, बाबा?"

"चिर तू."

थोड्या वेळानं त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याच्याकडे पाठ करून पीठ मळत राहिलो. टोपली संपायच्या आत त्यानं सगळं सांगून टाकलं, आणि मग पोटभर जेवला. फार बरं वाटलं, माय.

काल संध्याकाळी तो आपणहून ओट्याशी आला. डोळे कोरडे. "आज कांदे नाही का चिराचे, बाबा?" मला हसू आवरेना. का, ते त्याला सांगितलं नाही. तुला सांगतो, पाठवायला पत्ता नसला तरी. ओली पऱ्हाटी तू मुद्दाम वेगळी ठेवायचीस, हे मला ठाऊक होतं. आणि कितीतरी संध्याकाळी मला रडू वगैरे काही आलेलं नसायचं. नुसतं तुझ्याजवळ बसायचं असायचं.