सैराकुलचं विरजण

९ मे

ढुबुक्... ढुबुक्... आज जागा झालो तो हाच आवाज कानात घेऊन. आई कुरणावरच्या तंबूत कुमिस घुसळायची त्याचा. धुरी दिलेली चामड्याची पिशवी, आत आंबत असलेलं घोडीचं दूध, आणि ती लय! पुढे वर्गात मुलांकडून कविता म्हणवून घेताना मी टेबलावर तोच ठेका धरायचो.

यंदा आमच्या पिशवीतून आवाज नाही. हिवाळ्यात कर्करोगामुळे माझ्या बायकोचा, सैराकुलचा, डावा स्तन काढला. हात अजून वर जात नाही. म्हणून आज मीच घुसळायला बसलो.

"मास्तर, घुसळताय की कविता आठवताय?"

दोन्ही गं सैराकुल, दोन्ही!

११ मे

विरजणाला कुणी आलं नाही. दर वसंतात घोड्या दुभायला लागल्या की अख्खी गल्ली बरण्या घेऊन आमच्या दारात. सैराकुलच्या विरजणाशिवाय इथे कुणाचा कुमिस लागत नाही. यंदा बुरुलचाने — भिंतीपलीकडची शेजारीण, सैराकुलला 'एजे', म्हणजे ताई, म्हणत तिच्याकडूनच घुसळायला शिकली — नदीखालच्या गावातून विरजण मागवलं. आमचं, शरदात नेऊन वाळवून ठेवलेलं, कालव्यात फेकलं! वर गल्लीभर सांगत सुटली — "त्या आजाराचा विषाणू असतो. दुधातून येतो. डॉक्टरीणबाई स्वतः बोलल्या!"

सैराकुलने ऐकलं. पिशवीला पुन्हा धुरी दिली.

१३ मे

दवाखान्यात गेलो. डॉक्टर आयझान माझीच विद्यार्थिनी, म्हणून आवाज चढवला.

"असं बोललीस तू?"

"अर्धं बोलले, मास्तर. उंदरांत असा विषाणू आहे. आईच्या दुधातून पिलांना जातो, पिलांना पुढे गाठी होतात. गाईंचाही एक आहे, काही बायकांच्या गाठींत त्याच्या खुणा सापडल्यात. पण त्यानेच गाठ झाली का, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. शोधतायत."

"आणि सैराकुलच्या वाडग्यातून?"

"कर्करोग वाडग्यातून जात नाही हो! गाईचं दूध उकळून प्या आणि दरमहा स्वतःची छाती चाचपून बघा, एवढंच सांगायचं होतं मला. तुमची घोडी त्यात कुठून आली?"

"मग हे गल्लीत येऊन सांग."

"सांगितलं. 'विषाणू' म्हटल्यावर पुढचं कुणी ऐकतच नाही."

ऐकतील. मी ऐकवीन!

१५ मे

घुसळलं. खांदे भरून आलेत. लागला मात्र झकास!

१८ मे

पहिल्या कुमिसची मेजवानी, यंदा बुरुलचाकडे. सैराकुल म्हणाली, "नको जायला." मी तिचा नवा रुमाल काढून तिच्या हातात दिला.

वाडगा फिरत आला. सैराकुलपाशी आला आणि तिला ओलांडून पुढे गेला. तिच्यासमोर बुरुलचाने कागदी पेला ठेवला. पाहुणीला! पंगतीच्या दस्तरखानावर! सैराकुल पेल्याकडे बघत राहिली.

मी उठलो. गुडघे कुरकुरले, उठलो तरी. तिचा पेला उचलला, तिला एक घोट पाजला, उरलेला मी प्यालो. तळापर्यंत. म्हटलं, "तुमची पोरं हिच्या हातचा कुमिस पिऊन वाढली. माझ्या व्याकरणाच्या तासाला घाबरत होती, हिच्या वाडग्याला कधी घाबरली नाहीत! शोधणारे शोधताहेत. सापडलं की मीच गल्लीभर वाचून दाखवीन. तोवर माझ्या बायकोला वेगळा पेला लावायचा नाही!"

बुरुलचा ताटं उचलायला लागली.

वाटेत सैराकुल म्हणाली, "भाषण लांबलं, मास्तर." आणि माझा दंड धरला. भर रस्त्यात!

१९ मे

आज तिने स्वतः घुसळलं. उजव्या हाताने. लय तुटकी, पण तिचीच. मग विरजणाची बरणी भरून फाटकावर टांगली. "हवं त्याने न्यावं. मी काही दार लावून बसणार नाही."

२१ मे

बरणी तशीच. वर माश्या. सैराकुलने विरजण बदलून पुन्हा टांगली. जितकी हट्टी ती, तितकाच मी.

२३ मे

सकाळी दार वाजलं. बुरुलचा! मी चार शब्द तयारच ठेवले होते. पण तिच्या हातात बरणी नव्हती. माझ्याकडे न बघता आत गेली, सैराकुलसमोर बसली, तिच्या पुढ्यातला उष्टा वाडगा उचलून तळापर्यंत प्याली. मग सैराकुलचा हात धरून स्वतःच्या छातीवर नेला. "एजे, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं चाचपलं... तुमची गाठ अशीच लागत होती का हो?"

सैराकुलने घुसळणी माझ्या हातात दिली.

"मास्तर, तुम्ही बाहेर बसून घुसळा. बुरुलचा, बटणं सोड."